पारकर गुरुजींचा काना

मालवणजवळच्या कट्टा गावातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले हरिश्चंद्र पारकर एका इंग्रजी आडनावापायी हैराण झाले होते. आधार कार्ड काढताना कुणीतरी त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग पार्कर पेनासारखं केलं आणि मराठीतही ‘पार्कर’ उमटलं. पुढे पेन्शनची कागदपत्रं तिथेच अडली.

मालवणच्या आधार केंद्रातल्या बाईंनी विचारलं, “सर, तुम्ही ख्रिश्चन का?”

“नाही हो. आमचं मूळ गाव पार, म्हणून पारकर.”

“मग तसा पुरावा आणा.”

गुरुजी पुरावा शोधायला वाचनालयात गेले. हाती लागला तो पार्करांचाच इतिहास. इंग्लंडात उमरावांच्या शिकारीसाठी राखलेल्या रानाचा रखवालदार म्हणजे पार्कर. पुढे त्या आडनावाचा एक आर्चबिशप झाला, एक आरमाराचा सेनापती.

“त्यांचो सगळो इतिहास छापून आसा,” घरी येऊन ते बायकोवर, सुभद्रावर, करवादले. “आणि माझ्या नावाचो पुरावो माकाच मागतत!”

चार खेपा घालून, राजपत्रात नाव छापून घेऊन त्यांनी दुरुस्ती केली. नवं कार्ड आलं. इंग्रजी बरोबर होतं. मराठीत मात्र छापलं होतं, ‘हरिश्चंद्र परकर’.

सुभद्राने पदर तोंडाला लावला. “अहो, हो परकर कोणाचो?”

“हसतंस काय गो? तीस वर्सां पोरांचे काने सुधारलंय मी!”

रागाच्या भरात त्यांनी लाल पेनने कार्डावरच्या ‘प’ला काना दिला. पेन्शनच्या खिडकीवर ते कार्ड परत मिळालं. “खाडाखोड चालत नाही.”

गुरुजी थेट पुन्हा केंद्रात गेले.

“काका, इंग्रजीवरून मराठी यंत्रच आपोआप घेतं,” बाई म्हणाल्या.

“यंत्राला काना ठाऊक नसेल, तुम्हाला आहे ना? घाला.”

“मागे रांग आहे.”

“असू दे. मी उठणार नाही.”

मागचे लोक कुरकुरले. बाईंनी वैतागून दोन कळा दाबल्या. पडद्यावर ‘पारकर’ आलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. यासाठी आठ महिने गेले होते.

कार्ड आलं तेव्हा सुभद्रा म्हणाली, “पेढे हाडूया?”

“कसले पेढे?” गुरुजी कार्ड कपाटात टाकत म्हणाले. “माझाच नाव माका परत दिल्यानी, त्याचे?”