काउंटरवरच्या मावशींची पापणी

मावशींना हसू आलं की त्यांचे फक्त खांदे हलायचे, चेहरा जागच्या जागी राहायचा. उन्हात उभ्या राहिल्या तरी डोळे बारीक करायच्या नाहीत, रागावल्या तरी कपाळावर आठ्या येऊ द्यायच्या नाहीत. उल्हासनगरच्या बाजारातल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे त्या काउंटरवर बसायच्या आणि मी आत डॉक्टरांच्या हाताखाली होते. त्या अंबरनाथ पश्चिमेहून यायच्या, मी बदलापूर गावातून. नव्वदनंतरची कितीतरी वर्षं हा न हलणारा चेहरा मी रोज पाहिला.

पेशंट बायका त्यांना गर्विष्ठ समजायच्या. सुरुवातीला मीही समजले. मधोमध भांग, घट्ट अंबाडा, मोठी मरून रंगाची टिकली, कानात त्याच कुड्या. आम्ही सगळ्या साडीवरून पंजाबी ड्रेसवर आलो, मावशी होत्या तशाच. एका दिवाळीला मी त्यांच्यासाठी चमचमत्या टिकल्यांचं पाकीट नेलं. त्यांनी ते हळूच माझ्या पर्समध्ये परत ठेवलं.

"तू लाव गं. मला नाही बदलता येत."

"एवढं काय मावशी, टिकली तर आहे!"

तेव्हा डबा खाता खाता त्यांनी सांगितलं. त्यांचा मिलिंद पाच वर्षांचा असताना आमच्या क्लिनिकसमोरच्या कापडबाजारात हरवला होता. ब्लाउजपीसचा रंग साडीशी जुळवून बघायला त्यांनी त्याचा हात सोडला. रंग जुळला तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. बुद्धविहारातल्या पोरांनी कल्याणपासून कर्जतपर्यंत फोटो चिकटवले, मावशींच्या यजमानांनी कंपनीतली रजा संपेपर्यंत अनाथाश्रम पालथे घातले. पोलिसांनी मुलाच्या खाणाखुणा लिहून घेतल्या. पुढे मावशींनी ही नोकरी धरली ती आमच्या काचेच्या दारासाठी. काउंटरवर बसलं की सगळा बाजार समोर दिसायचा आणि बाजाराला त्या दिसायच्या.

"तो आता मोठा झाला असेल," त्या म्हणाल्या. "मिसरूड फुटलं असेल. मला कसा ओळखू येणार? म्हणजे ओळखायचं काम त्याच्यावरच आलं ना? मग माझा चेहरा बदलून कसं चालेल, तूच सांग."

डब्यातली भाजी तशीच राहिली.

पण वय काही ऐकत नाही. पन्नाशीजवळ त्यांच्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा उमटल्या. त्याच सुमारास आमचे डॉक्टर सुरकुत्या घालवायचं नवं इंजेक्शन शिकून आले. पैसेवाल्या सिंधी घरांतल्या बायका त्यासाठी ठरवून एकाच दिवशी यायच्या, कारण बाटली एकदा फोडली की औषध फार वेळ टिकायचं नाही. एका शनिवारी शेवटची बाई गेली आणि बाटलीत थोडं औषध उरलं. मी ते ओतून टाकायला निघाले, तोच मावशी आत आल्या.

"साहेब, वो मेरे को लगाव."

डॉक्टर हसले. "तुमको क्या जरूरत है बाई? किसको दिखाना है?"

मावशींनी बाहेर काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना मिलिंदचं माहीत होतं. त्यांचं हसणं गेलं. त्यांनी मावशींना खुर्चीत बसवलं आणि मी बर्फ धरला.

चार-पाच दिवसांनी त्या रेघा खरंच पुसल्या गेल्या. आणि त्याच सकाळी मावशी आल्या त्या डावा डोळा झाकूनच. हात बाजूला केला तर पापणी बुबुळाच्या निम्म्यावर येऊन थांबली होती. एक डोळा जागा, दुसरा झोपेत, असा तो चेहरा झाला होता.

डॉक्टरांनी बॅटरी मारून तपासलं. "दवाई थोडी नीचे उतर गयी. डरने का नहीं. दो-तीन महिने में पलक अपने आप उठेगी."

"दो-तीन महिने?" मावशींचा आवाज चिरला. "और इसी में वो आया तो?"

डॉक्टर बिचारे स्वतः मुंबईहून थेंब घेऊन आले. ते घातले की पापणी थोडी वर जायची, पण काही तासच. मावशी ते संध्याकाळसाठी राखून ठेवायच्या, कारण मिलिंद हरवला तो संध्याकाळी, बाजार भरलेला असताना. सकाळभर त्या मान मागे टाकून, खालच्या फटीतून बघितल्यासारखं बघत नावं लिहायच्या. दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. मी कधी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून पापणी वर धरून द्यायचे. डोळा कोरडा पडून पाणी यायला लागलं की काढायचे. स्टेशनच्या जिन्यात त्या माझा दंड धरायच्या. काळा चष्मा लावा म्हटलं तर म्हणायच्या, "मग उरलेलं तोंड तरी उघडं कशाला ठेवू?"

पेशंट बिचकायला लागले. एक बाई तर मावशींना बघून इंजेक्शन न घेताच परत गेली. डॉक्टरांनी चाचरत विचारलं, थोडे दिवस आतल्या खोलीत बसाल का? मावशी म्हणाल्या, "काम से निकाल दो साहेब, पर यहां से मत उठाव." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग तो दिवस आला. त्या संध्याकाळी थेंब संपले होते, नवी बाटली यायची होती. रस्त्यापलीकडे एक मुलगा उभा होता. एकोणीस-वीसचा, सावळा, हातात कापडाचं गाठोडं. तो आमच्या काचेकडे बघत होता. बघतच राहिला. मावशी उठल्या. त्यांनी बोटाने डावी पापणी वर धरली आणि तशाच त्याच्याकडे बघत राहिल्या. मी शेजारीच होते; त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मुलाने मान जराशी तिरकी केली, गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं आणि तो गर्दीत शिरला.

मावशी धावल्या, त्यांच्यामागे मी. कापडगल्ली, भांडीगल्ली, रिक्षा स्टँड, सगळं शोधलं. तो कुठेच नव्हता.

"काचेत भांग बघत असेल हो मावशी," मी म्हटलं. "पोरं बघतात ना."

"असेल," त्या म्हणाल्या.

त्या दिवसानंतर त्यांच्यातलं काहीतरी निघून गेलं. पुढे पापणी हळूहळू उठली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे एक दिवस दोन्ही डोळे सारखे झाले. मी आनंदाने आरसा पुढे केला. त्यांनी तो न बघताच पालथा ठेवला.

"मला वाटायचं, तो समोर आला की आतून काहीतरी हलेल," त्या म्हणाल्या. "आईला कळतं म्हणतात ना. मी त्या पोराला डोळे भरून बघितलं गं. काही हललं नाही. नुसती भीती वाटली, की माझा हा डोळा बघून तो जाईल. तो कोण होता ते मलाच कळलं नाही, मग त्याला काय दोष देऊ?"

औषधाचा असर गेला तशा भुवयांमधल्या रेघा परत आल्या. डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शनचं विचारलं तेव्हा मावशींनी नको म्हटलं. वर्षभरात यजमान कंपनीतून निवृत्त झाले आणि दोघं वांगणीला स्वस्तातल्या नव्या घरात राहायला गेली. जाताना त्या मला म्हणाल्या, "इथं कोणी विचारलं तर वांगणी सांग." एवढंच.

मी एकदा तिथे गेले होते. दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, उन्हाने डोळे बारीक केलेल्या बाईने. मावशींना ओळखायला मला एक क्षण लागला. आम्ही चहा घेत होतो तेव्हा खिडकीखाली विशी-बाविशीची पोरं क्रिकेट खेळत होती. मावशी प्रत्येकाला नाव विचारत होत्या. "पाचव्या वर्षी हरवलेल्या पोराला आईचं तोंड नाही आठवणार," त्या म्हणाल्या, "पण स्वतःचं नाव तरी आठवत असेल ना?"

त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि मावशी गेल्या. मला निरोप उशिरा मिळाला.

आमच्या वस्त्यांमध्ये मिलिंद नावाची मुलं गल्लोगल्ली आहेत. बाजारात, लग्नात, विहाराच्या अंगणात कोणीतरी "मिलिंद!" अशी हाक मारतं आणि मी वळते. कोणीतरी "ओ" देतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते, आणि मलाही काही कळत नाही.