मानविद्येचा वर्ग

"बाबा, मॅडम गेल्या..." प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. मी म्हणालो, "अगं, कुठं गेल्या? परत गुरुग्रामला का?" कारण रेहानाबाई गेले दोन महिने दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या मुलाच्या क्वार्टरमधून गुरुग्रामच्या लेकीकडे आणि तिथून परत इकडे, अशी ये-जा करत होत्या. औषधोपचार तिकडे चालू होते. पलीकडून नुसतं रडणं आलं, तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. डबा तसाच झाकला. शेजारच्या टेबलावरून शर्माजींनी विचारलं, "क्या हुआ जी?" मी म्हणालो, "बेटी की टीचर थीं, नहीं रहीं." आणि म्हणता म्हणताच कळलं की अर्धंच सांगितलं. या बाईंकडे मीसुद्धा शिकलो होतो, तेही पंचेचाळिशी उलटल्यावर आणि आधी कडाकडा भांडून.

रेहानाबाई मूळच्या कराडच्या. वडील पिंजारी, गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. शाळेत असताना बाईंनी इतिहास घ्यायचा म्हटलं, तर गुरुजी म्हणाले होते, "पिंजाऱ्याच्या पोरीला इतिहास कशाला? शिवणकाम घे." त्या गुरुजींवरचा राग बाईंनी जन्मभर जपला आणि चांगल्या कामाला लावला. दिल्लीतल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्या, तरी मराठी अशी ठणठणीत की कॉलनीतल्या पुणेकरांनी जपून बोलावं. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. नववी ते बारावीची पंधरा-सोळा मुलं, कुणी ड्रायव्हरची, कुणी शिपायाची, कुणी आमच्यासारख्या कारकुनीतून वर सरकलेल्यांची. त्यात बौद्ध होती, मालेगावकडचे दोघे मुसलमान भाऊ होते, एक पारध्याची मुलगी होती. फी नाही, परीक्षा नाही. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान हे आपल्यासारख्यांचं काम नाही, असं या मुलांच्या मनात घरूनच भरवलेलं असतं, ते काढायचं, एवढाच बाईंचा अभ्यासक्रम. आणि ते भरवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मी होतो.

प्रज्ञा दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली. मी सायन्सच्या कोचिंगची माहितीपत्रकं आणून ठेवली होती. एका रविवारी ती वर्गावरून आली आणि म्हणाली, "बाबा, मला अकरावीला मानविद्या घ्यायचीय." दिल्लीत वाढलेली पोर, आर्ट्सला हिंदीत म्हणतात ती मानविकी आणि बाईंनी सांगितलेली मानव्यविद्या यांची तिनं भेळ केली होती. मी खो खो हसलो. "मानविद्या? मानेचे व्यायाम का गं? घे की, कॉम्प्युटरवर बसून माझी मान धरते, मला उपयोग होईल." तिचा चेहरा उतरला. ते बाईंच्या कानावर गेलं असणार. पुढच्या वेळी जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "दिलीपराव, पोरीनं तुमच्यापेक्षा चांगला शब्द केलाय. मान वर करून बघायला शिकवते ती मानविद्या." मी म्हटलं, "बाई, शब्द झकास आहे, पण त्यावर नोकरी मिळत नाही. आमच्यासारख्यांना हौस परवडत नाही." बाई एकेक पायरी चढत वर निघून गेल्या.

खरा भडका पुढेच उडाला. बाईंनी मुलांना काम दिलं होतं, घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की लहानपणी तुमच्या घरी काय काम चालायचं. प्रज्ञानं परभणीकडे माझ्या आईला फोन लावला. आईला काय, नातीनं विचारलं म्हणजे सण! माझे वडील गावचे येसकर. गावाची राखण करायची, निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं आणि त्या बदल्यात तिन्हीसांजेला घरोघर भाकर मागायची. मी दिल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं की वडील सरकारी निरोप्या होते. बायकोला खरं ठाऊक होतं, ती बिचारी गप्प राहायची. प्रज्ञानं मात्र ते सगळं लिहून वर्गात वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी, वर्गातल्या कुणा पोराकडून ऐकून, मला जिन्यापाशी गाठून फारच मायेनं म्हणाले, "तुमच्या वडिलांचं कळलं हो, केवढे कष्ट!" ती माया मला चाबकासारखी लागली. मी चपला अडकवून तडक बाईंच्या दारात.

"आमच्या घरातलं चव्हाट्यावर मांडायला पोरगी पाठवली नव्हती तुमच्याकडे!"

"आत या, बसा. चहा घ्याल?"

"चहा गेला खड्ड्यात."

"मग उभ्यानं भांडा. पण तिनं काही चोरलं नाही, आजीला विचारलं. तुमच्या आईला सांगताना लाज वाटली नाही, तुम्हाला ऐकताना का वाटते?"

"कारण मला रोज ऑफिसात बसायचं असतं, बाई. आईला नसतं."

बाईंनी कपाटातून एक वही काढली. मग म्हणाल्या, "हे खरं आहे... वर्गात वाचण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझं चुकलं." इतक्या वयाची, इतकी शिकलेली बाई असं सरळ म्हणेल ही कल्पना मला नव्हती. त्यांनी प्रज्ञाची वही माझ्या हातात दिली. "पण न वाचता भांडलात. आता वाचून भांडायला या."

घरी येऊन मी वही उघडली ती चुका काढायलाच. लिखाणाबरोबर एक नकाशा होता, आमच्या गावाचा. आईनं फोनवर सांगितला होता आणि पोरीनं कधी न पाहिलेलं गाव पेन्सिलीनं काढलं होतं. भाकर मागत कुठून कुठे जायचं त्याचे बाण, कोणत्या घरी ताजी मिळायची, कोणत्या घरी शिळी, कुठं किती लांब उभं राहायचं... आणि खाली लिहिलं होतं, "माझे वडील सात वर्षांचे असताना टोपली धरून आजोबांच्या मागे चालायचे. त्यांना घरांचा क्रम पाठ होता." मी वाचत राहिलो. आणि एकदम माझ्या तोंडून निघालं, "हॅट! चावडी इकडे नाहीच मुळी!" खिशातलं पेन काढलं आणि चावडी खोडून पलीकडे केली. मग विहीर सरकवली. पाटलाच्या वाड्याला मागचं दार काढलं, कारण आम्हाला पुढच्या दारी जायची सोयच नव्हती. प्रज्ञा मागे येऊन उभी राहिलेली मला कळलीही नाही. "बाबा, यार, तुम्हाला तर सगळं आठवतं!" आठवत होतंच की गं... विसरायला एवढी वर्षं मेहनत घेतली, तरी एक घर विसरलो नव्हतो. मी पोरीसमोर ढसाढसा रडलो, हे लिहायला आता काही वाटत नाही.

अकरावीचा फॉर्म मीच भरला, आर्ट्सचा. पटलं होतं अशातला भाग नाही, भीती होती आणि आजही आहे. ती आता इतिहास घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला तारखा विचारून छळते. बाईंच्या वर्गातल्या पारध्याच्या मुलीनं तत्त्वज्ञान घेतलं, मालेगावच्या भावांपैकी धाकटा भाषा शिकतो. बाकी काही सायन्सला गेले, बाई त्यांच्यावरही रागावल्या नाहीत. "दार दाखवायचं काम माझं, आत ढकलायचं नाही," असं म्हणायच्या. नकाशा दुरुस्त केल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रज्ञाला वहीत माझं नाव सहलेखक म्हणून लिहायला लावलं. हसून हसून पुरेवाट.

बाई गेल्यावर वर्ग संपला असं मी धरून चाललो होतो. पण परवाच्या रविवारी मुलं आपोआप आली आणि बाईंच्या मुलानं खोली उघडून दिली. प्रज्ञा शिकवायला बसली. दहा मिनिटांत माझा फोन वाजला, "बाबा, वर या. यांना येसकर म्हणजे काय ते कळत नाहीये, मी पुस्तकातलं सांगतेय, तुम्ही सांगा." मी गेलो. सतरंजीवर नवीच पोरं होती. मी म्हणालो, "मी येसकराचा मुलगा." पुढे बसलेल्या नववीतल्या मुलीनं विचारलं, "अंकल, भाकर मागताना काय म्हणायचे? बोलून दाखवा ना." प्रज्ञानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो, एक हात टोपली धरल्यासारखा केला आणि हाळी दिली, "येसकराला भाकर वाढा, माय!" खिडक्या सताड उघड्या होत्या. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारे आमच्याच ऑफिसातले शर्माजी दचकून वळले, त्यांना मी दिसलो, मला ते दिसले. मुलगी म्हणाली, "अंकल, एवढ्या हळू आवाजात गावाला ऐकू जायचं?"

मी पुन्हा हाळी दिली, या वेळी गावाला ऐकू जाईल अशी.