रेकॉर्डरला दिलेला राउटरचा नंबर

नववीत शाळा सुटली आणि यवतमाळकडून पुण्यात येऊन कॅमेरे बसवणाऱ्या एका दुकानात लागलो. शिडी धरणं, भिंतीला भोकं पाडणं, वायर ओढणं जमत होतं. कॅमेऱ्याचं चित्र साठवणारा रेकॉर्डर नेटला जोडायचं काम मात्र मालक स्वतः करायचे. त्या दिवशी त्यांनी मला कर्वेनगरच्या एका फ्लॅटवर एकट्याला पाठवलं. जमलं तर यापुढं एकट्यानं जायचं, नाही तर शिडी आहेच, असं म्हणाले. मी तर गावी आईला आधीच सांगून बसलो होतो, की आता मी मशीनचं काम करतो.

घरात एक ताई आणि तिच्या सासूबाई. ताई घरूनच नोकरी करायची, पण सोमवारपासून तिला ऑफिसला जावं लागणार होतं. सासूबाई मध्यंतरी पडल्या होत्या, म्हणून हॉलचं चित्र तिला मोबाईलवर हवं होतं. ती आत मीटिंगला बसली. हॉलमध्ये कॅमेरा बसवून झाल्यावर मी राउटरची वायर रेकॉर्डरला लावली आणि सेटिंग उघडलं.

इंग्रजी मला अडखळत वाचता यायचं. म्हणून मालकांचं बघून कुठल्या ओळीत काय भरायचं ते पाठ केलं होतं. हे मशीन नवं, त्यात ओळी मागेपुढे झालेल्या. रेकॉर्डरला नेटवर स्वतःचा वेगळा नंबर द्यायचा असतो; तो राउटरच्या नंबरशी जुळला तर घरातलं नेटच अडतं. मी त्या ओळीत राउटरचाच नंबर टाकला.

आत ताईचं बोलणं थांबलं. दार उघडलं. "नेट गेलं का हो?"

काय चुकलं ते कळेना, पण माझ्यामुळेच गेलं हे कळलं. वायर काढली आणि तसं सांगून टाकलं. जरा वेळानं नेट आलं. ती परत मीटिंगला गेली.

सासूबाई म्हणाल्या, "बसा. कशाला हात लावणार नसाल तर चहा देते."

आता ती मालकांना फोन करणार, हेच डोक्यात.

मीटिंग संपवून ती लॅपटॉप घेऊन आली, तेवढ्यात माझ्या मोबाईलवर मालकांचाच फोन आला. मला तो उचलायचा धीर होईना. तिनंच तो घेतला आणि काम चालू आहे, झालं की ते फोन करतील, एवढंच सांगून ठेवला. मग खुर्ची ओढून बसली.

"एकेक ओळ वाचा. मोठ्यानं."

लाज वाटली, पण वाचलं. मी अडलो की ती थांबायची. हसली नाही. त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. रेकॉर्डरच्या नंबरच्या ओळीत राउटरचाच नंबर सापडला. नंबर बदलला, वायर परत लावली आणि रेकॉर्डरऐवजी तिच्या लॅपटॉपकडे बघत बसलो. नेट टिकलं. ताईच्या मोबाईलवर सासूबाई दिसल्या, कप हातात घेऊन वर बघणाऱ्या.

"हे बघायला एवढा खटाटोप," त्या म्हणाल्या.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, उद्या लोणी काळभोरला एकटा जा. मी हो म्हणालो आणि भीत भीत विचारलं, तिथं मशीन हेच आहे का दुसरं.

"दुसरं असलं तर?"

"तर वेळ लागेल," मी म्हणालो. "वाचून करावं लागेल."