टोमॅटोच्या वाफ्यातलं गांडूळ

आज टोमॅटोच्या रोपांतलं तण काढताना खुरप्याजवळ एक गांडूळ वळवळलं. माझा हात थांबला. या वाफ्यात कितीतरी वर्षांत गांडूळ दिसलं नव्हतं.

दरवर्षी बी टाकण्याआधी आम्ही मातीत उग्र औषध घालायचो. डोळे झोंबायचे. रोग मरायचा, पण मातीत दुसरंही कुणी उरायचं नाही. यंदा मी आमच्या मालकांना म्हटलं, "औषध नको. उन्हाळ्यात वाफा भिजवून महिनाभर वर प्लास्टिकचा पारदर्शक कागद घालू."

"रोगानं रोपं कोलमडली तर हंगाम जाईल," ते म्हणाले. पण अडवलं नाही.

शेजारचे तात्या बांधावरून हसले होते, "वहिनी, मातीला घाम फोडताय का?"

मला वाटतं, औषध सगळ्यांनाच मारतं. कागदाखाली कोंडलेली उन्हाची धग वरच्या थरातल्या रोगाला मारते, पण गांडूळ खाली ओलाव्यात उतरतं आणि धग सरली की वर येतं. सासरी मीही किती वर्षं अशी खाली उतरून बसले होते.

यंदा एकही रोप कोलमडलं नाही. दुपारी तात्या आले. "कागद कसा घातलात?" त्यांनी मालकांना विचारलं.

"हिला विचारा. हिनं केलंय."

मान खाली घालूनच मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी कडा मातीनं दाबायला विसरले आणि वाऱ्यानं कागद उडाला, ती माझी चूकसुद्धा सांगितली.