कप्तान सुलभाताई

मायक्रोफोनसमोर उभी राहण्याआधी सुलभाताई चपला काढायची. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "पायाला जमीन लागली की शब्द सरळ येतात गो."

ती रत्नागिरीच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. नेमून दिलेलं सांगून झालं की शेवटी स्वतःचं एखादं वाक्य जोडायची. "पूर्णगडची गाडी लागली आहे. घाई नको, म्हाताऱ्या माणसांना आधी चढू द्या. सगळ्यांना घेऊनच गाडी सुटेल." त्या आवाजावर लोकांचा भरवसा होता. ढकलाढकली खरोखरच थांबायची.

नव्व्याण्णव सालच्या सुमाराची गोष्ट. आमच्या रेडिओ केंद्रावरून दर रविवारी सकाळी एक विज्ञानमालिका लागायची. एक अंतराळयान, अनोळखी ग्रह आणि यानाचे कप्तान दिगंबर. कप्तानांचा आवाज आप्पांचा. मांडवी बंदराजवळ राहणारे निवृत्त मास्तर. मालिका इतकी जुनी, की आप्पा बाजारात गेले तर कोळणी त्यांना "कप्तान, पापलेट बघा" म्हणून हाक मारायच्या. मी त्या यानाचा संगणक होते. एका सुरात आकडे सांगायचे, बस. मग आप्पांना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण वाचा गेली आणि मालिका थांबली.

मालिकेचे लेखक जोशी सर एकदा गाडीची वाट बघत बसस्थानकावर उभे होते. घोषणा ऐकून ते तडक सुलभाताईच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "आमच्या यानाच्या कप्तान व्हाल?"

ती हसायला लागली. "सर, मला गाड्या सोडता येतात. यान कसं सोडू?"

"तसंच. सगळ्यांना घेऊन."

सरांनी नवा भाग लिहिला. एका ग्रहावरच्या धुळीच्या वादळात कप्तान दिगंबर हरवतात आणि उपकप्तान रेवती यानाची सूत्रं हाती घेते. तालमीत सुलभाताई आप्पांसारखा जड आवाज काढून बोलायची. आम्ही वाहवा केली, पण तिने कागद खाली ठेवले. "ह्यात मी नाय, नि आप्पासुद्धा नायत. त्यांना विचारल्याशिवाय माझ्याच्याने होणार नाय."

मी तिच्यासोबत मांडवीला गेले. आप्पा खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. ती त्यांच्यासमोर खाली बसली. "आप्पा, मी सुलभा. तुमचं काम मला करायला सांगतायत. तुम्हाला विचारायला आल्ये."

आप्पांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. ते परत वळलेच नाहीत. त्यांच्या पत्नी, काकू, दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजारपणापासून रेडिओ लावू देत नाहीत गो. राग मानू नकोस." बंदरावरून परतताना सुलभाताई एवढंच म्हणाली, "त्यांना दुखवून नको मला ते यान."

दुसऱ्या दिवशी काकूच बसस्थानकावर आल्या. "तू गेल्यावर रडले. संध्याकाळी रेडिओकडे बोट दाखवलं. पुसून ठेवलाय मी. तू कर."

ध्वनिमुद्रणाला रेवतीचं पहिलंच वाक्य होतं : "मी तुमची नवी कप्तान." सुलभाताई थांबली. तिने कागद खाली ठेवले. आम्हाला वाटलं, आता थांबवावं लागणार. पण ती बोलली, स्वतःच्या आवाजात, कागदावर नसलेलं. "कप्तान दिगंबरांची खुर्ची रिकामी आहे. ती तशीच राहील. मी उभी राहून यान चालवीन. घाबरू नका, कुणीही मागे राहणार नाही."

काचेपलीकडे जोशी सरांनी चष्मा काढला. वाक्य तसंच ठेवलं.

रविवारी ती स्वतःच्या घरी थांबली नाही. आम्ही दोघी आप्पांकडे गेलो. ती दारातच उभी राहिली, आत यायचा धीर होईना. मालिका सुरू झाली. ते वाक्य आलं, तसा आप्पांचा चांगला हात वर उचलला गेला. मोठ्या कष्टाने शब्द फुटला.

"ब... बस."

"बस झालं म्हणतायत का?" म्हणत काकू घाईने रेडिओ बंद करायला धावल्या. आप्पांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. त्यांनी दाराकडे, सुलभाताईकडे बोट केलं आणि शेजारच्या स्टुलावर थाप मारली.

"बस."

सुलभाताई पदराने तोंड दाबत आत आली आणि त्यांच्याशेजारी बसली. पुढचा सगळा भाग दोघांनी मिळून ऐकला. मध्ये एकदा माझा संगणक बोलला, तेव्हा आप्पा चक्क हसले.

मग रविवार ठरूनच गेला. भाग संपला की ती विचारायची, "आज कसं झालं, आप्पा?" आवडलं असेल तर ते बोट उचलायचे. नसेल तर डोळे मिटायचे. "आज डोळे मिटलेनी," ती सोमवारी येऊन आम्हाला सांगायची आणि कुठे चुकलं ते शोधत बसायची. असं दोन-तीन वर्षं चाललं.

आप्पा गेल्यावरही तिने मांडवीला जाणं सोडलं नाही. आता निकाल द्यायला कोण आहे, असं मी एकदा बोलून गेले.

"निकाल कसला गो," ती चपला घालत म्हणाली, "काकू एकट्या ऐकतात."