टी-रूममधल्या मावशी

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर जुन्या केसेस हळूहळू पुसट होतात. ही मात्र होत नाही, आणि ती माझ्या हद्दीतलीही नव्हती.

आम्ही दोघं अमेरिकेत मुलीकडे पार्सिपनीला गेलो होतो. शनिवारी दुपारी ती आम्हाला जवळच्या टी-रूममध्ये घेऊन गेली. इंग्लंडच्या खेड्यातल्यासारखी सजवलेली जागा. लेसचे टेबलक्लॉथ, फुलाफुलांच्या किटल्या, तीन मजली थाळीत सँडविच आणि स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव.

शेजारच्या टेबलावर एक मराठी जोडपं बसलं होतं. सोबतच्या साठीतल्या बाई मात्र बाळाला घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. खुर्ची रिकामी होती.

मी विचारलं, "मावशी, गाव कोणतं?"

त्यांनी आधी त्या तरुणीकडे पाहिलं. तीच म्हणाली, "माझी आत्या आहे. बाळासाठी आलीय."

मला बसवेना. तिचा नवरा काउंटरवर गेला तसा मीही गेलो. "आत्या छान सांभाळतात हो बाळाला!"

"आत्या? नाही काका, त्या माझ्या आईच्या मैत्रीण."

दोघांना वेगवेगळं विचारायचं, हा आमच्या तपासाचा पहिला धडा.

मावशी बाळाचा डायपर बदलायला आत गेल्या. मी खूण केली, तशी माझी पत्नी मागोमाग गेली. परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "नातं वगैरे काही नाही. कामाला आणलंय. पासपोर्ट काढून घेतलाय, घरी फोन करू देत नाहीत. पोलिसांना बोलवू का विचारलं, तर हो म्हणाल्या."

मुलगी घाबरली. "बाबा, इथे तुम्ही पोलीस नाही. प्लीज!"

"म्हणूनच फोन तू कर."

ती बाहेर जाऊन फोन करून आली. पोलिसांची गाडी अजून आली नव्हती. त्या जोडप्याने बिल मागवलं, कोट चढवले. मी उगाच बाळाचं कौतुक करत त्यांच्या वाटेत उभा राहिलो.

दोन पोलीस आले. महिला अधिकाऱ्याने मावशींना बाजूला घेतलं. दुभाषी म्हणून माझीच मुलगी उभी राहिली. "तुम्हाला यांच्यासोबत परत जायचंय का?"

मावशींनी या वेळी कुणाकडेच पाहिलं नाही. "नाही. मला जालन्याला माझ्या घरी जायचंय."

त्या दिवशी त्यांची सोय एका निवाऱ्यात झाली. जोडप्यावर गुन्हा दाखल झाला. पुढे जालन्याहून मावशींचा फोन आला. पलीकडे नातवंडांचा इतका गोंगाट होता की त्या काय म्हणाल्या ते धड ऐकूही आलं नाही.

स्वतःचं गाव सांगायलाही दुसऱ्याची परवानगी लागणारी माणसं तक्रार द्यायला ठाण्यात येत नाहीत. त्यांना बाजूला नेऊन, त्यांच्या भाषेत कुणीतरी विचारावं लागतं. तेव्हापासून मंदिरात, मॉलमध्ये, लग्नात, कुठेही गेलो तरी माझी नजर फिरत राहते. उत्तर देण्याआधी कोण कुणाकडे पाहतं, तेच मी शोधत असतो.