फॉरेस्टवाल्याची सिल्विया

रोपांना पाणी घालावं लागतं, किस्से मात्र आमच्या माळावर कोरडेच फोफावतात. शिरूर कासारच्या बाजूला मी रोपवाटिका चालवते. तिथले निम्मे किस्से झाडांचे, निम्मे माझ्या नावाचे. ऐकणारं कुणी भेटलं की सांगते. भेटतं मात्र कमी.

*

माझं नाव सिल्विया. बाबा वनरक्षक होते. ट्रेनिंगमध्ये कुणा साहेबांनी त्यांना सांगितलं, की लॅटिन भाषेत सिल्वा म्हणजे जंगल, आणि त्यावरून मुलीचं नाव सिल्विया, म्हणजे रानातली. बाबांनी ते वहीत उतरवून ठेवलं. पुढे त्यांना नेमणूक मिळाली ती या माळावर. हिवराची चार काटेरी झाडं आणि 'राखीव वन' असा एक बोर्ड.

तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथं तुम्ही नेमकं काय राखता?"

"बोर्ड, साहेब."

त्याच वर्षी मी झाले. बाबांनी वही उघडली.

ते मला 'सिल्वे' अशी हाक मारायचे. डेहराडूनला शिकून, याच माळावर खरं जंगल उभं करायचं असं ठरवून मी परत आले, तेव्हा ते नव्हते. गावाला मी 'मॅडम'. सिल्वे म्हणणारं कुणी उरलं नाही.

*

एका सरकारी कचेरीत रोपवाटिकेचे कागद करायला गेले. क्लार्कने नाव लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"हे कसलं नाव?"

"लॅटिन आहे. जंगलावरून. वडील फॉरेस्टमध्ये होते."

त्याने मान हलवली. "बरं झालं, पाटबंधाऱ्यात न्हवते."

*

रोपवाटिकेच्या शेजारी बिरूआबांचा मेंढवाडा आहे. एका संध्याकाळी मी त्यांना माझ्या नावाची जुनी गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. रोम नावाचं शहर ज्या जुळ्या भावांनी वसवलं, त्यांच्या आईच्या नावातही सिल्विया. राजाने तिची लेकरं नदीत सोडून दिली. त्यांना एका लांडगिणीने दूध पाजून जगवलं.

आबांनी तंबाखू मळणं थांबवलं.

"लांडगिणीनं पाजलं?"

"हो आबा."

"आमची दोन कोकरं घेऊन गेली ती. पाजायलाच नेली आसंल मग."

*

माझ्या हाताखाली सुमन होती, माझ्याच वयाची. पिशव्यांत माती भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी तिच्या मागेच लागले होते, की मला नावाने हाक मार.

"मॅडमला नावानं हाक मारायला जीभ रेटत न्हाई," ती म्हणायची. "आर्थ तरी काय त्याचा?"

"रानातली."

"मग त्यात काय? आमी समद्याच रानातल्या."

शेवटी म्हणाली, आधी झाडावर सराव करते. एका कडुनिंबाच्या रोपाला रोज सकाळी म्हणायची, "सिल्विया, पाणी प्या." झाडालाही अहोजाहो. पंधरा दिवसांनी रोप वाळलं.

"बघा," सुमन म्हणाली, "त्येलाबी न्हाई सोसलं."

*

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघाल्या. सुमनला पाचवा महिना होता. मी तिला म्हटलं, तू राहा. इथे काम आहे, दवाखाना जवळ आहे, मी आहे. माती, पाऊस, झाडं, बाईचं आरोग्य, सगळ्यावर बोलले. अर्धा तास तरी बोलले असेन.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, नवराबायकू मिळून एक कोयता धरत्यात. म्या ऱ्हायले तर ह्यांचा आर्धा कोयता. आर्धा कोयता कुनी नेत न्हाई."

ट्रॅक्टरवर चढताना तिने मलाच बजावलं, "जेवत जावा वेळेवर."

*

गाव रिकामं झालं. दारांना कुलपं, पारावर दोन म्हातारे. सुमनच्या नवऱ्याचा फोन आधी लागायचा, संक्रांतीनंतर लागेनासा झाला. मी तिचे महिने मोजत होते. सातवा, आठवा. नववा लागला तेव्हा मोजायचं सोडून दिलं. भीती वाटायला लागली.

आबांनी माझं तोंड बघून ओळखलं. "काहून गप गप ऱ्हाता? मेंढरांशी बोलत जावा. ती मधी बोलत न्हाईत."

खरंच बोलले. चराईबंदी का हवी, हा विषय मला तोंडपाठ. कळपातली एक शेळी तेवढी अगदी माझ्याकडे बघत ऐकत होती. माझं बोलणं संपायच्या आत तिने शिरसाचं एक रोप संपवलं.

*

गुढीपाडव्याच्या सुमाराला ट्रॅक्टर परत यायला लागले. पहिल्यात सुमन नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. लोकांना विचारलं, तर ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेलती म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी विचारायलाही गेले नाही. पाठमोरी बसून पिशव्यांत माती भरत होते.

कुंपणापलीकडून आवाज आला, "सिल्वे, गप गं आता. किती बोलशील?"

मी तशीच उठून उभी राहिले. "मी कुठं बोलले? पाच महिने गप्पच आहे."

"तुमाला न्हाई, मॅडम," सुमन म्हणाली, आणि पदराखालचं गाठोडं कुंपणावरून माझ्या हातात दिलं. "फडातच झाली. धरा नीट, लई वळवळ करती."